त्याचा तिसरा हिस्सा

महजर कानडीत होता.
शेजारच्या हुक्केरींची सौजन्या, नववीतली,
उंबऱ्यात बसून वाचत होती, एकेका शब्दावर बोट ठेवून:
अतीवेग मत्तु निर्लक्ष्यतनदिंद.
मत्तु म्हणजे आणि, हे बाजारामुळं ठाऊक.
बाकीचं तिनं न सांगताच कळलं.
लक्ष नव्हतं.
तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पुढं, रात्री साडेअकराला,
ज्याचं लक्ष नव्हतं
त्याच्याकडं आता लाख मागायचे होते.

देसूरकर वकील म्हणाले,
वैनी, माणूस गेला हे सिद्ध झालंय.
चूक कुणाची, ते राहिलंय.

पिंजऱ्यात कंपनीच्या वकिलानं विचारलं,
अपघात तुम्ही डोळ्यांनी बघितला?
न्हाई. मी भाकरी झाकून बसलो होतो.
पुण्याहून आलेला कंपनीचा साहेब हसू दाबत वर बघाय लागला.
आमच्यात बायकासुद्धा बसलो म्हणतात,
गेलो म्हणतात, आलो म्हणतात.
दुभाष्यानं ते कानडीत नीट बाईचं करून सांगितलं
आणि टायपिस्टनं भाकरी गाळली.

मग तो वकील म्हणाला,
सायकलीला मागं दिवा नव्हता.
मयतानंही हयगय केली.
निदान चार आणे चूक त्याची.

चार आणे.
उद्यमबागेत सतरा वर्षं तापलेलं लोखंड ओतलं,
एकदा पाय भाजला तेव्हा
मालक हेच म्हणाला होता, तुझीच चूक.
मी गप्प उभा राहिलो.
प्रज्वल मागच्या बाकावरनं ओरडला,
पट्टी होती की!
पट्टेवाल्यानं त्याला बाहेर काढला.

ठाण्याच्या आवारात, बाभळीखाली,
जप्त गाड्यांच्या ढिगात त्याची सायकल.
पुढचं चाक आठाच्या आकड्यासारखं.
गंज, पाला, कुणीतरी काढून नेलेली घंटी.
प्रज्वलनं माझ्या मोबाइलची बॅटरी लावली
आणि मडगार्डावर
वाकडे चिकटवलेले लाल पट्टीचे दोन तुकडे
एकदम पेटले.
त्यानंच चिकटवले होते, म्हणून वाकडे.

फोटो लागले. मच्छ्याचा हणमंत सायकलवाला साक्षीला आला,
टोपी काढून म्हणाला,
होय साहेब, भरमाण्णा मुतगेकर. बारा रुपये. रोख.

निकालादिवशी देसूरकरांनी पाठीमागं पेन्सिलीनं मांडून दाखवलं.
पगाराचा दाखला फौंड्रीनं दिला नाही,
म्हणून महिना अकरा हजार धरले.
वय अडतीस, म्हणून गुणिले पंधरा.
सहवासाचे चाळीस हजार.
किती दिवसांचे, असं विचारणार होतो, नाही विचारलं.
आणि ही वजाबाकी?
ते म्हणाले, तो असता तर
एक तृतीयांश स्वतःवर खर्च केला असता.
कायदाच आहे.

बसमध्ये मी त्याचा तिसरा हिस्सा शोधत बसलो.
कँटीनचा चहा, तोही भागीत.
दोनदा तळवे बदललेल्या चपला.
यल्लम्माच्या डोंगरावर घेतलेला एक पट्टा,
त्याला त्यानंच खिळ्यानं जादा भोक पाडलं होतं.
सासूबाई म्हणाल्या, तंबाखू धर.
धरली.
तरी तिसरा भरेना.

मग आठवले ते बारा रुपये.
घरखर्चातले नव्हते.
दोन दिवस त्यानं चहा घेतला नव्हता,
डोकं दुखतंय म्हणून सांगितलं होतं.

निम्मी रक्कम प्रज्वलच्या नावानं बँकेत,
तो अठराचा होईपर्यंत.
सायकल मात्र सही करून लगेच मिळाली.
चाक फिरत नव्हतं म्हणून पुढची बाजू मी उचलून धरली,
मागनं तो ढकलत होता.
पिरनवाडीच्या अलीकडं अंधार पडला.
तो म्हणाला, आई, तू आतल्या बाजूला हो.

मागनं एक गाडी आली.
उजेड आमच्यावर पडला, हळू झाला,
आणि वळसा घालून गेली.
मग आणखी एक.